सोळाचे सहा

भार्गवी नक्की काय काम करते, हे तिच्या शेजाऱ्यांना कधी नीट कळलं नाही. नांदेडच्या श्रीनगर भागातल्या त्या अपार्टमेंटमध्ये सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं, की ही बाई डॉक्टर लेनमधल्या एका मोठ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जाते, पण रक्त काढत नाही. ती लॅबचा डेटाबेस सांभाळायची. मुदखेड, उमरी, औसा अशा गावांत लॅबची छोटी केंद्रं होती. तिथं लोकांचं रक्त घेतलं जाई, नमुने नांदेडला किंवा लातूरला येत, तपासणी होई आणि रिपोर्ट परत त्या केंद्राच्या कॉम्प्युटरवर दिसे. कुठली बाटली कुणाची, कुणाची साखर किती, हे सगळं त्या डेटाबेसमध्ये. तो थांबला की लॅबला काही दिसेनासं व्हायचं.

म्हणून तो दोन ठिकाणी ठेवलेला होता. मुख्य लातूरला, कारण मोठे सर्व्हर ठेवण्याजोगी जागा तिथल्या औसा रोडवरच्या इमारतीतच होती. दुसरा नांदेडला, तयारीत. दोन्ही मशिनं सतत एकमेकांना ‘मी आहे’ एवढाच निरोप पाठवत राहायची. लातूरकडून काही सेकंद निरोप आला नाही, की लातूर बंद पडलं असं समजून नांदेडचं मशीन सगळं काम आपल्याकडे घ्यायचं. याला फेलओव्हर म्हणतात. वीज गेली, सर्व्हर जळाला, तर हे व्हायलाच हवं.

त्या उन्हाळ्यात मात्र ते उगाचच व्हायला लागलं. कधी दिवसाआड, कधी एकाच सकाळी दोनदा. लातूर चांगलं जिवंत असायचं आणि नांदेड त्याला मेलेलं समजून काम उचलायचं. त्या उचलाउचलीत दोन-तीन मिनिटं सगळ्या केंद्रांचे पडदे गोठायचे, अर्धवट भरलेली नावं उडून जायची.

पहिला फोन बहुतेक वेळा औशाच्या केंद्रावरून यायचा, प्रेमलाताईंचा.

“भार्गवीताई, पुन्हा गेलं बघा. पेशंट समोर बसलाय, उपाशीपोटी आलाय. रक्त काढून झालं आन् नावच उडालं.”

“दोन मिनिटं थांबा, येईल.”

“येतंय ओ. पण तोवर लोक मलाच बोलून राहिलेत.”

भार्गवी फोन ठेवून पुन्हा पडद्याकडे वळायची. ती त्रेचाळीस वर्षांची होती आणि ऑफिसात मोजकंच बोलायची. घरी तर बोलायला कुणी उरलंच नव्हतं. आई अर्धांगाने पाच-सहा वर्षं अंथरुणावर होती. त्या काळात भार्गवीने लग्नाचा विषय बाजूला ठेवला आणि तो तसाच बाजूला राहून गेला. आई जाऊन आता वर्ष झालं होतं. भाऊ अनिमेष हैदराबादला. तो रविवारी फोन करायचा, तब्येतीची चौकशी करायचा आणि “चल, ठेवतो” म्हणायचा. संध्याकाळी घरी आल्यावर ती टीव्ही लावून ठेवायची, बघायची नाही.

लातूरचे सर्व्हर रविकिरण सांभाळायचा. मूळचा उदगीरचा, पन्नाशीचा. पूर्वी त्याची लातुरात कॉम्प्युटर शिकवण्याची छोटी संस्था होती. ती चालेनाशी झाल्यावर तो लॅबमध्ये काँट्रॅक्टवर लागला. भार्गवीने त्याला कधी समोरासमोर पाहिलं नव्हतं. ऑफिसच्या ग्रुपवर एका फोटोत तो मागच्या रांगेत अर्धा दिसायचा, एवढंच.

काम दोघांत वाटलेलं होतं आणि अडचणही तिथंच होती. लातूरला एकाच मोठ्या सर्व्हरच्या आत सात-आठ मशिनं चालायची. खरी नव्हेत, सॉफ्टवेअरने आखून दिलेली. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. डेटाबेस त्यातलं एक. बाकीची हजेरीची, हिशेबाची, कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगची, आणि एक एक्स-रे-सोनोग्राफीची चित्रं साठवणारं. भार्गवीला फक्त तिच्या मशीनच्या आतलं दिसायचं. तो मोठा सर्व्हर बाहेरून फक्त रविकिरणला दिसायचा.

आतून सगळं ठीक होतं. डेटाबेसवर कामाचा ताण नव्हता, मेमरी भरपूर होती. फक्त एक गोष्ट तिला खटकायची. मशीन आपण काय काय केलं याची सेकंदासेकंदाला नोंद करायचं, आणि फेलओव्हरच्या आधी त्या नोंदींमध्ये दहा-बारा सेकंद सरळ गायब असायचे. चूक नाही, तक्रार नाही. जणू तेवढा वेळ झालाच नाही.

मॅनेजर आलोक सर लॅबचे मालक असलेल्या डॉक्टरांचे पुतणे होते. ते म्हणाले, “वाट बघायची मुदत वाढवा की. पाच सेकंदांच्या ऐवजी मिनिटभर थांबू दे नांदेडला. उड्या आपोआप बंद होतील.”

“बंद होतील, पण लातूर खरंच बंद पडलं तर तेही मिनिटभर कळणार नाही,” भार्गवी म्हणाली. “आणि मशीन कुठं अडकतंय ते तसंच राहील.”

“मग शोधा. पण लवकर. डॉक्टर मला रोज विचारतात.”

तिने लातूरला फोन लावला. रविकिरणने सगळं ऐकून घेतलं.

“मॅडम, झाल्यावर बघून उपयोग न्हाई,” तो म्हणाला. “मी बघायला जाईस्तोवर सगळं शांत झालेलं असतंय. तुमच्या इकडं थांबलं की त्याच क्षणाला मला इकडून बघावं लागतंय.”

“मग मी लगेच फोन करते.”

“फोन लागेपर्यंत जातंय ते. असं करू, फोन चालूच ठेवू. सकाळी आलो की लावायचा, स्पीकरवर टाकायचा आन् आपापलं काम करायचं.”

तसं सुरू झालं. भार्गवी सकाळी आली की लातूरला फोन लावायची आणि मोबाइल कीबोर्डच्या शेजारी उभा करून ठेवायची. पहिले काही दिवस तिला अवघडल्यासारखं झालं. दोघंही काम असेल तेवढंच बोलत. पण दिवसभर चालू असलेल्या फोनमधून माणूस आपोआप कळत जातो. रविकिरण विचार करताना टेबलावर बोटं वाजवतो. चहा आला की आधी बशीत ओततो. खिडकीबाहेर औसा रोडचे हॉर्न वाजतात आणि एसीतून मध्येच टपटप आवाज येतो. हे सगळं तिला पाठ झालं.

हळूहळू बोलणंही वाढलं. शिकवणीच्या दिवसांतल्या गोष्टी तो सांगायचा. माउस हातात धरायला घाबरणारे तलाठी, मुलाला जबरदस्तीने बसवून स्वतःच शिकून गेलेली एक बाई. भार्गवी ऐकायची. एकदा तिने आईच्या आजारपणाबद्दल सांगितलं, आणि सांगून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की हे आपण आजवर कुणाशी बोललोच नव्हतो. पलीकडे त्याने चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाला, “लई दिवस काढले तुम्ही.” तिला तेवढं पुरलं.

दुपारी रविकिरणचे वडील यायचे. गुरुपादप्पा त्यांचं नाव. घर जवळच होतं, ते काठी टेकत स्वतः डबा घेऊन यायचे. त्यांची स्मृती गेलेली होती. मुलगा ओळखू यायचा, पण आत्ता काय झालं ते लगेच विसरायचे. आले की कानडीत विचारायचे, “ऊटा आयता?” जेवलास का? रविकिरण म्हणायचा, “आता बसतो, अप्पा.” तो जेवत असतानाही ते विचारायचे, आणि जेवून झाल्यावरही. रविकिरण प्रत्येक वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर द्यायचा. त्याची बायको माहेरच्या शेतीच्या वादात निघून गेली होती ती परत आली नव्हती. त्याबद्दल तो एकदाच, एका वाक्यात बोलला.

भार्गवीही त्याच वेळी डबा उघडायला लागली. तिकडे डब्याची झाकणं वाजली की इकडे तिचं पोळीचं फडकं सुटायचं. एके दुपारी गुरुपादप्पांना टेबलावरचा फोन दिसला असावा. त्यांचा आवाज एकदम जवळ आला.

“ऊटा आयता?”

“अप्पा, त्या मॅडम हायत नांदेडच्या,” मागून रविकिरण म्हणाला. “तुम्ही जेवलात का विचारून राहिलेत, मॅडम. राग मानू नका.”

“बसलेय जेवायला,” ती म्हणाली. “काय म्हणायचं असतं?”

“‘आयतु’ म्हणा. म्हणजे, झालं.”

“आयतु, अप्पा.”

म्हातारबुवा समाधानाने काहीतरी पुटपुटले. भार्गवीने घास हातात धरून ठेवला होता. आई बोलू शकत होती तोवर ती संध्याकाळी दारातच हे विचारायची. नंतर कुणी विचारलं नव्हतं.

मधल्या दिवसांत मशीन काही वेळा अडकलं, पण रविकिरणने नेमकी जागा उघडेपर्यंत सुटूनही गेलं. आणि मग एका सोमवारी, केंद्रांवर गर्दी ऐन भरात असताना, तिच्या पडद्यावरचा सेकंदाचा आकडा थबकला.

“आत्ता,” ती म्हणाली.

“थांबा.” बोटं वाजायची थांबली. “हाव. दिसून राहिलं.”

आकडा पुढे उडी मारून चालू लागला. शेजारच्या पडद्यावर नांदेडच्या मशीनने काम उचललं. प्रेमलाताईंचा फोन आला, तिने तो उचलला नाही.

“काय दिसलं?”

“मॅडम, तुमचं मशीन रांगेत उभं होतं.”

“कुठल्या रांगेत? माझ्याकडे तर कामच नव्हतं फार.”

“काम न्हाई ओ, जागा. तुमच्या मशीनला सोळा प्रोसेसर लावून दिलेत. काम दोघा-चौघांचंच असतंय, पण उठायचं म्हटलं की ते सोळांचा लवाजमा घेऊन उठायला बघतंय. अख्ख्या सर्व्हरमध्ये खरे प्रोसेसर चोवीस. त्याच टायमाला एक्स-रेचं मशीन चित्रं दाबून बसवायला लागलं, की एवढे एकदम मोकळे कुठून सापडणार? मग तुमचं थांबतंय. आन् मेमरीचं बी तसंच. ती तुमच्या नावानं राखून ठेवलेली न्हाई. गर्दी झाली की सर्व्हर तुमच्यातली काढून दुसऱ्याला देतोय.”

“आणि मला आतून दिसत नाही.”

“कसं दिसणार? ज्याला थांबवलं त्याचं घड्याळ पण थांबलं ना.”

भार्गवीने जुने मेल उघडले. त्या मशीनला सुरुवातीला चार प्रोसेसर होते. रिपोर्ट सावकाश निघतात म्हणून तिने आठ मागितले. पुन्हा तक्रार आली तेव्हा सोळा. दोन्ही वेळा मेल तिनेच केला होता, आणि रविकिरणने काही न विचारता वाढवून दिले होते.

“किती ठेवायचे मग?” तिने विचारलं.

“तुम्ही सांगा. आतलं तुम्हाला कळतंय.”

तिने आकडे पुन्हा पाहिले. सगळ्यात गर्दीच्या घटकेलाही चारांच्या वर काम गेलेलं नव्हतं.

“सहा.”

“सोळाचे सहा,” तो म्हणाला. “डॉक्टरांना कळलं तर म्हणतील, औषध कमी दिल्यावर दुखणं बरं होतंय होय.”

“मेमरी पूर्ण राखून ठेवा. एक्स-रेचं मशीन डेटाबेसपासून वेगळं करून दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येईल?”

“येईल. जुना हाय तो, पण तेवढं काम करंल.”

हे करायला मशीन बंद करावं लागणार होतं. केंद्रं रविवारी दुपारी बंद असतात, म्हणून रविवार ठरला. भार्गवी ऑफिसात एकटीच होती. तिने काम आधी नांदेडच्या मशीनवर घेतलं, लातूरचं मशीन नीट बंद केलं आणि म्हणाली, “बंद झालंय. करा तुम्ही.”

पलीकडून उत्तर आलं नाही. एसीची टपटप तेवढी येत होती.

“रविकिरण, आहात ना?”

“हाव, हाय.” थोडं थांबून तो म्हणाला, “मॅडम, हे एकदा नीट झालं, की मग झालंच, न्हाई का?”

“म्हणजे?”

“काही न्हाई. करतो.”

कळा वाजल्या. मशीन पुन्हा सुरू झालं. तिने लातूर आणि नांदेडची जुळणी पाहिली, काम परत लातूरला सोपवलं. नांदेडने वाट बघायची मुदत तिने थोडी वाढवली, मिनिटभर नाही, पंधरा सेकंद. मग त्यांनी मुद्दाम एक्स-रेच्या मशीनवर जड काम टाकून पाहिलं. सेकंदाचा आकडा एकसारखा सरकत राहिला. शेवटी रविकिरणने सर्व्हरच्या मागची नेटवर्कची वायर उपटली, आणि ठरल्याप्रमाणे पंधरा सेकंद वाट बघून नांदेडने काम उचललं. हवं तेव्हा आणि फक्त हवं तेव्हाच.

“छान झालं,” भार्गवी म्हणाली.

“हाव. छान झालं.”

पुढचा आठवडाभर त्यांनी फोन चालू ठेवला, खात्री करायची म्हणून. एकदाही उडी झाली नाही. प्रेमलाताईंचा फोन आला तो फक्त बारकोडची कागदी पट्टी संपली म्हणून. शनिवारी रविकिरण म्हणाला, “मॅडम, आता फोन चालू ठेवायची तशी गरज न्हाई.”

“हो. उगाच कशाला तुमची लाइन अडकवून ठेवायची.”

“लाइनचं काही न्हाई. पण कुणी विचारलं तर काय सांगायचं?”

“बरोबर आहे.”

कुणीच आधी ठेवेना. शेवटी तिने ठेवला.

सोमवारी ती ऑफिसात आली आणि मोबाइल सवयीने कीबोर्डच्या शेजारी उभा केला. मग उचलून पर्समध्ये टाकला. दुपारी ती डबा घेऊन खाली पॅन्ट्रीत गेली. तिथं लॅबच्या मुली आपसांत हसत बोलत होत्या. तिला पाहून त्या जरा सरकल्या, जागा केली, आणि आवाज कमी करून पुन्हा बोलायला लागल्या. दुसऱ्या दिवसापासून ती परत टेबलावरच जेवू लागली.

दोनदा तिने कारण काढून लातूरला फोन केला. एकदा सर्व्हरच्या खोलीतलं तापमान विचारायला, एकदा युपीएसच्या बॅटरीचं. रविकिरणने नीट पाहून सांगितलं. तापमान ठीक होतं, बॅटरीही ठीक होती.  काम चालू असताना मधल्या वेळात जे बोलणं सहज निघायचं, ते मुद्दाम काढता येईना.

पावसाळ्याच्या अखेरीला आलोक सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ते खुशीत होते.

“भार्गवीताई, डॉक्टरांनी तुमचं नाव घेऊन कौतुक केलं. इतके दिवस एकदाही बंद नाही.”

“रविकिरण नसते तर सापडलं नसतं.”

“त्याचंच बोलायचं होतं. आता मुख्य डेटाबेस इकडे नांदेडला घेऊ या. इथं जागा झालीय. लातूर तयारीत राहील. तिकडचं मोठं काही बिघडलं तर सर्व्हरच्या कंपनीचा इंजिनिअर येतोच. बाकी सगळं तुम्ही इथून बघू शकता ना?”

प्रश्न साधा होता. तिला त्याचं उत्तर येत होतं, आणि उत्तर ‘हो’ असं होतं.

“बघू शकते,” ती म्हणाली. “पण तिथं माणूस असलेला बरा. एखादी वायर निघाली, एसी बंद पडला—”

“वॉचमन आहे की संगमेश्वर. फोनवर सांगितलं तर वायर तो पण लावेल.”

“रविकिरण केंद्रांच्या तक्रारी घेऊ शकतील. प्रिंटर, बारकोड, नेट. रोज पाच-दहा फोन असतात. ते मी घेण्यापेक्षा त्यांनी घेतले तर—”

“लातुरात बसून? त्यापेक्षा इकडे एखादी मुलगी ठेवू.” आलोक सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी जरा अवघडून पेन खाली ठेवलं. “त्याला नांदेडला यायचं असेल तर मी डॉक्टरांशी बोलतो. विचारून बघा.”

ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तिने आठवड्याच्या मध्यात सुट्टी टाकली आणि लातूरची बस धरली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. वाटेत दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत आलं होतं. शेजारच्या बाईने विचारलं, “पाहुण्याकडं चाललात?” ती म्हणाली, “ऑफिसचं काम आहे.”

औसा रोडवरच्या इमारतीत वॉचमनने तिला वरच्या मजल्यावर नेलं. रविकिरण दारातच उभा होता. आवाजावरून तिने उंच माणूस मनात धरला होता. हा ठेंगणा होता, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, शर्टाची वरची गुंडी लावलेली. त्यालाही ती वेगळी वाटली असावी, कारण त्याने नमस्कार करून लगेच नजर खुर्चीकडे वळवली.

“बसा मॅडम. प्रवास बरा झाला?”

“हो. बसला जागा मिळाली.”

“चहा सांगतो.”

चहा आला. रविकिरणने कपातूनच घोट घेतला, बशी तशीच राहू दिली. भार्गवी एसीकडे बघत होती. तो टपटपत नव्हता.

“दुरुस्त केला?” तिने विचारलं.

“हाव. आता येळ हाय ना.”

 इतके दिवस दिवसभर बोललेली माणसं आता टेबलाच्या दोन बाजूंना परक्यासारखी बसली होती. भार्गवीने कप ठेवला आणि सांगून टाकलं. डेटाबेस नांदेडला जाणार, त्याचं इथलं काँट्रॅक्ट महिनाअखेरीला संपणार. नांदेडला यायची तयारी असेल तर आलोक सर बोलतील. सांगताना ती त्याच्याकडे न बघता टेबलाच्या कडेकडे बघत होती.

“मला माहीत होतं,” रविकिरण म्हणाला.

“कुणी सांगितलं?”

“कुणी न्हाई. मशीन पडत होतं तोवर माझी गरज होती. त्या रविवारी तुम्ही ‘करा’ म्हणालात, तेव्हाच मनात आलं, की हे सहा केले की आपलं इथलं काम संपलं.”

तिला ती शांतता आठवली. “तरी केलंत.”

“मग काय करणार? औशाला लोक उपाशी बसून राहिले होते ना.” तो हे अगदी साधेपणाने बोलला. मग म्हणाला, “नांदेडला न्हाई जमायचं, मॅडम. अप्पांना हीच गल्ली ठाऊक हाय. नव्या गावात ते घराबाहेर पडले तर परत यायचे न्हाईत.”

“कसे आहेत ते?”

“घरीच असतात हल्ली. डबा मीच घेऊन येतो. जिना चढवत न्हाई त्यांना.”

“मी त्यांच्यासाठी काही बोलले तर चालेल का आलोक सरांशी? म्हणजे तुमच्यासाठी.”

“बोललात तुम्ही, हे कळतंय मला. आता नका बोलू.” तो उठला. “चला, तुम्हाला सगळं दाखवून ठेवतो. उद्या तुम्हालाच बघायचंय.”

त्याने तिला सर्व्हरची खोली दाखवली. कुठली वायर कुठं जाते, कुठला दिवा लाल झाला तर काळजी करायची, युपीएसचं बटण किती जोरात दाबावं लागतं. प्रत्येक वायरला त्याने स्वच्छ अक्षरात चिठ्ठी बांधलेली होती. काम निघालं तसं बोलणं जरा मोकळं झालं. तिने एका दिव्याबद्दल विचारलं, त्याने त्यावरून एक जुनी फजिती सांगितली, आणि क्षणभर ती डोळे मिटून ऐकत राहिली. डोळे मिटल्यावर हा तोच माणूस होता.

खाली उतरताना तो म्हणाला, “घर इथून जवळच हाय.”

त्याने पुढे ‘चला’ म्हटलं नाही. एकट्या बाईला घरी बोलवावं की नाही, हे त्याला कळत नसावं. तिला जायचं होतं. गुरुपादप्पांना एकदा बघायचं होतं. पण न बोलावता कसं म्हणायचं, म्हणून ती म्हणाली, “चारची बस आहे.”

“हां. मग निघायला पायजे तुम्हाला.”

त्याने रिक्षा थांबवून दिली, रिक्षावाल्याला स्टँडवर सोडायला सांगितलं, आणि रिक्षा वळेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभा राहिला. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर भार्गवीला वाटलं, उतरावं आणि परत जावं. चाकूर मागे पडलं तरी ती तेच ठरवत होती.

महिनाअखेरीला रविकिरणचा मेल आला. सगळे पासवर्ड आणि खुलासे व्यवस्थित लिहिलेले, शेवटी ‘आपला’ आणि नाव. दिवाळीनंतर तिने एकदा फोन केला. त्याला शिकवणी वर्गांच्या एका मोठ्या परीक्षा केंद्रात काम लागलं होतं, पोरांच्या ऑनलाइन परीक्षांचे कॉम्प्युटर सांभाळायचं. मागे मुलांचा गलका होता. “मॅडम, मी नंतर करू का? पेपर सुरू होऊन राहिलाय,” तो म्हणाला. “हो, करा ना,” ती म्हणाली. त्याने नंतर केला नाही. तिलाही त्याचा राग आला नाही.

डेटाबेस नांदेडला आला. हिवाळ्यात एका रविवारी भार्गवीने पहिल्यांदा एकटीने चाचणी घेतली. नांदेडचं मशीन मुद्दाम बंद करायचं आणि लातूर काम उचलतं का ते पाहायचं. पडद्यावर सगळं दिसणार होतं, पण दिवे कुणीतरी डोळ्यांनी बघायला हवेत, म्हणून तिने वॉचमनला फोन करून सर्व्हरच्या खोलीत उभं केलं.

तिने मशीन बंद केलं. पंधरा सेकंद गेले. लातूरने काम उचललं, काहीही न अडखळता.

“संगमेश्वर, वरचा दिवा कसा आहे?”

“हिरवा हाय, मॅडम.”

“आणि खालचा?”

“त्यो बी हिरवा.”

“बरं.” काम झालं होतं. फोन ठेवायला हरकत नव्हती. “एसी चालू आहे ना?”

“चालू हाय.”

“खिडकी बंद आहे का?”

“बंदच हाय.” तो जरा गोंधळला. “अजून काय बघायचंय का, मॅडम?”

“नाही. म्हणजे... रस्त्यावर फार गर्दी आहे का आज?”

“रविवार हाय ना. मोकळाच हाय रोड.” खालून कुणीतरी गेट वाजवलं, ते फोनमधून ऐकू आलं. “मॅडम, कोन तरी आलंय खाली. जाऊ का?”

“जा, जा,” भार्गवी म्हणाली. “कुलूप लावून घ्या वरचं.”

फोन बंद झाला. तिने काम परत नांदेडकडे घेतलं, दोन्ही मशिनं एकमेकांशी बोलतात का ते एकदा पाहिलं, आणि चाचणी यशस्वी झाल्याचा मेल आलोक सरांना पाठवला. रविवार असल्यामुळे त्यांचं उत्तर सोमवारीच येणार होतं. तिने पंखा बंद केला, पर्स घेतली आणि घरी न जाता थोडा वेळ तशीच खुर्चीत बसून राहिली.